ट्रक खोकतो, ऊस वाळतो : दोष इंजिनाचा, डिझेलचा की व्यवस्थेचा?

गळिताचे दिवस. फडात पहाटेपासून कोयता चालू आहे, मोळ्या बांधून झाल्या आहेत, भरलेला ट्रक पाणंदीतून रस्त्याला लागला आहे. आणि पहिल्याच चढाला गाडी दम टाकते. ड्रायव्हर खाली उतरून सांगतो, "मालक, गाडी मिसिंग मारतीय. स्लोला धडधडतीय आणि लोड तर वढतच न्हाई." मग फोनाफोनी, फिटरची वाट बघणे, दुसऱ्या गाडीची शोधाशोध, मोळ्या उतरवा आणि पुन्हा चढवा. रात्र रस्त्यावर जाते. ऊस मात्र कुणासाठी थांबत नाही, तो वाळतच राहतो.

शेतकरी बंधूंनो, इंजिनाचा बिघाड ही ट्रकवाल्याची भानगड आहे, आपला त्यात काय संबंध, असे आपण म्हणाल. पण संबंध आहे आणि तो थेट खिशाशी आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे जाणकार सांगतात. त्यापुढे वजन घटते आणि साखरही उतरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. पण महाराष्ट्रात त्यातून तोडणी आणि वाहतूक कापूनच बिल हातात येते. म्हणजे ट्रक कुणाच्याही नावावर असो, रस्त्यावर अडकलेल्या गाडीचा भुर्दंड फिरून आपल्याच बांधावर येतो. शिवाय वाहतूकदार म्हणजे तरी कोण? बहुतेक वेळा आपल्याच गावचा, दोन एकराला कंटाळून बँकेच्या हप्त्यावर गाडी घेतलेला पोरगा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही हा विषय बाजूला ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर घाटात बंद पडला की वाडीवरच्या बायाबापड्यांच्या घागरी रिकाम्या राहतात. दुरुस्तीच्या आणि डिझेलच्या बिलावर सही आपली असते. ती करताना बिघाड खरा कोणता होता, एवढे तरी कळायला हवे.

बदल नेमका कुठे झाला?

जुन्या ट्रकच्या इंजिनात गुपित काही नव्हते. टाकीतून डिझेल यायचे, फिल्टरमधून गाळून मायको पंपात जायचे, पंप एकेका नोजलला वाटून द्यायचा. स्टँडजवळचा फिटर कान लावून सांगायचा, "तीन नंबर मारत नाय." दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास, गाडी चालू.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा निकष लागू झाला. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावले होते. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. ट्रॅक्टरमध्येही ५० अश्वशक्तीच्या वरच्या गाड्यांना जानेवारी २०२३ पासून नवा कडक निकष लागला. हवा स्वच्छ व्हावी हा हेतू चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. धूर शेवटी आपल्याच छातीत जातो.

पण त्यामुळे इंजिनाचा स्वभाव बदलला. आता डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठते. हा दाब दीड हजार बारच्याही वर जातो, तर ट्रकच्या टायरमधली हवा आठ-दहा बारच्या आतबाहेर असते! त्या नळीतून कुठल्या नोजलने किती थेंब कधी सोडायचा हे संगणक ठरवतो. सायलेन्सरच्या जागी काजळी धरणारी जाळी आली, युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली आणि डझनावारी सेन्सर आले. यातले एक बिनसले तरी संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो. ड्रायव्हरला वाटते इंजिन गेले. प्रत्यक्षात इंजिनाला काही झालेले नसते, त्याला बांधून ठेवलेले असते.

आधी स्वस्तातले बघा, मग महागातले

गाडी नीट चालत नाही म्हटले की पहिला सल्ला मिळतो, "नोजल गेले, पंप उतरवा." हा सर्वात महागडा सल्ला आहे, म्हणून तो शेवटी ऐकावा. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : गाडी कधी त्रास देते? उभी असताना, ओढताना, की दोन्ही वेळेला? निम्मे निदान या उत्तरातच असते.

उभ्या गाडीत इंजिन धडधडते पण लोडवर ठीक चालते, असे असेल तर डिझेलच्या नळीत हवा धरली असण्याची शक्यता मोठी. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप, त्याच्या जोडावरचे वॉशर आणि क्लिपा तपासा. जिथे डिझेल पाझरून धूळ चिकटली आहे, तिथून बंद गाडीत हवाही आत शिरते. हातपंप मारून हवा काढा. एखादे नोजल कमी मारत असेल किंवा टॅपेटची फट बिघडली असेल तरीही असेच होते. आणि कधी कधी इंजिनाला काहीच झालेले नसते, फक्त इंजिनाखालचे रबर फाटलेले असते. केबिन हादरते आणि आपण इंजिनाला दोष देतो.

स्लोला इंजिन गोड चालते पण चढाला दम टाकते, असे असेल तर त्याला पुरेसे डिझेल किंवा पुरेशी हवा मिळत नाही. पहिले काम म्हणजे टाकीचे झाकण सैल करून गाडी ओढून बघणे. ताकद परत आली तर झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले आहे. याला पैसा लागत नाही. दुसरे, डिझेल फिल्टर आणि टाकीतली जाळी. तिसरे, एअर फिल्टर. उसाच्या फडातली आणि पाणंदीची धूळ हायवेच्या धुळीसारखी नसते. हायवेवर चालणाऱ्या गाडीचे किलोमीटर मोजून आपल्या गाडीचा फिल्टर बदलू नका, तो आधीच चोंदतो. चौथे, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप. चढाला शिट्टीसारखा किंवा फसफस आवाज आणि सोबत काळा धूर येत असेल तर बहुधा पाइप चिरला आहे किंवा क्लिप सुटली आहे. हे सगळे ठीक असेल तर चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, पण लावू नका. एकच ड्रम फार तापला असेल तर ब्रेक धरून बसला आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच सरकतो आहे.

आणि एक कटू गोष्ट. २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, तीन आसांची २५ वरून २८.५ टन. ही मर्यादा गाडीच्या स्वतःच्या वजनासकट आहे. तिच्यावर आणखी पाच-सात टन मोळ्या रचून "पिकअप नाही" म्हणणे म्हणजे बैलाच्या पाठीवर बसून त्याला नांगर ओढायला लावण्यासारखे आहे. तिथे फिटर काय करणार?

दोन्ही वेळेला त्रास असेल, म्हणजे स्लोलाही धडधड आणि लोडलाही मार, तर संशय डिझेलवर, नोजलवर आणि शेवटी कॉम्प्रेशनवर घ्यावा, याच क्रमाने. इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून भकाभका धूर येत असेल तर रिंग-पिस्टन झिजले आहेत. तेव्हा मात्र खर्चाची तयारी ठेवावी.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन-चार मिनिटे आला तर चिंता नको. पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असावे. अशी गाडी पुढे रेटू नये. फक्त एक लक्षात ठेवा, बीएस-६ गाडीत काजळी जाळीतच अडकते. त्यामुळे आत बिघाड असूनही बाहेर धूर दिसत नाही. धूर नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, हा समज सोडावा.

येथे जिवाचीही एक सूचना. जुन्या गाडीत चालू इंजिनात नोजलचा एकेक नट किंचित सैल करून बघायची पद्धत होती. ज्या नोजलचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. हा प्रयोग नव्या सामाईक नळीच्या इंजिनावर कधीही करू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडते आणि बोट, हात गमवावा लागतो. चुकून असे झालेच तर हळद लावून घरी बसू नका, तासाभरात मोठा दवाखाना गाठा आणि "डिझेलची धार आत गेली आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

डिझेल शुद्ध आहे का?

आपल्याकडे डिझेलमधली भेसळ नवी नाही. रेशनचे रॉकेल स्वस्त होते तोवर ते टाकीत मिसळणे हा मोठा धंदा होता. तो किती निर्ढावला होता हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मनमाडजवळ तेलचोरी उघडी पाडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी येथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा पंपावरील भेसळ रोखल्याबद्दल खून झाला होता. गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी ही दोन नावे विसरू नयेत.

पुढे रॉकेलचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपले आणि त्या धंद्यातला नफा आटला. पण "बायोडिझेल" या गोंडस नावाखाली कसलेही औद्योगिक तेल स्वस्तात विकण्याची वाट काहींनी शोधली. खरे बायोडिझेल वाईट नाही. केंद्राने २०१९ मध्ये त्याच्या विक्रीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच्या विक्रीच्या आहेत. रस्त्याकडेला टाकी उभी करून, बिल न देता, लिटरमागे दहा-पंधरा रुपये कमी घेणारा माणूस तुम्हाला काय विकतो आहे, याची चौकशी तुम्हीच करायला हवी. जुना पंप हे तेल कसेबसे पचवायचा. नवे नोजल ते पचवत नाही, त्याची छिद्रे केसाएवढी बारीक असतात. लिटरमागे वाचवलेले दहा रुपये नोजलच्या एकाच बिलात जातात.

उसाच्या गावांत आणखी एक बोलवा ऐकू येते की इथेनॉलमुळे ट्रकची इंजिने बिघडतात. हे चूक आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. मोटारसायकलबद्दल ती चर्चा करा, डिझेलच्या ट्रकबद्दल नको.

मग डिझेल तपासायचे कसे? पाणी असेल तर घरी कळते. टाकीच्या तळाचे डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसेल. बॅरलमध्ये डिझेल साठवणाऱ्यांनी तर हे करावेच, कारण अर्ध्या रिकाम्या बॅरलमध्ये रात्री दव धरते. फिल्टरखालचा पाण्याचा नळ नेमाने सोडावा. रॉकेल किंवा दुसरे तेल मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पंपावरच मागणी करावी. त्या दिवशीची घनता फलकावर लिहिणे पंपचालकाला बंधनकारक आहे. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर मागून मोजता येते. १५ अंश तापमानाला बदलून काढलेली घनता कंपनीच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून अधिक वेगळी आली तर संशयाला जागा आहे. मापाची शंका असेल तर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप मागा. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि निदानाची सर्वात सोपी खूण : एकाच पंपावर भरलेल्या दोन-तीन गाड्या एकाच दिवशी मिसिंग मारू लागल्या, तर इंजिने उघडत बसू नका. बिले जपून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. २००५ च्या केंद्रीय आदेशाखाली आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होऊ शकते. मात्र कोर्टात टिकणारा नमुना कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. तहसीलच्या पुरवठा शाखेने अशा वेळी "उद्या बघू" म्हटले तर उद्या टाकीत दुसरे डिझेल असते.

युरियाची गोणी आणि ट्रकची टाकी

आता सर्वात गंभीर मुद्दा. नव्या ट्रकमध्ये निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेले द्रावण लागते. ते धुरातला विषारी वायू मारते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर लागते. ते संपले किंवा नासके निघाले तर संगणक गाडीची ताकद काढून घेतो. बीएस-६ गाडीत अचानक ताकद गेली तर हा दिवा आधी बघावा.

इथेच काहींची बुद्धी वाकडी चालते. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. हिशेब करा, एका गोणीतून सुमारे १२५ लिटर द्रावण होते. ते कॅनमध्ये भरून विकले तर नफा किती, हे सांगायला नको. पण शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे आवरण दिलेला असतो आणि तो शुद्धही नसतो. बोअरच्या जड पाण्यात तो विरघळवला की क्षारांचे खडे बनतात, फवारणीची नळी बुजते आणि धूर गाळणारे महागडे भांडे कायमचे निकामी होते.

गाडीवाल्याचे नुकसान तर होतेच. पण कापसाला, मक्याला ऐन पावसात युरिया मिळत नाही म्हणून कृषी केंद्रापुढे रांगेत उभे राहणारे आपण, आपल्या वाट्याची गोणी कुठे जाते हे कधी विचारतो का? अनुदानित युरिया शेतीबाहेर वापरणे हा गुन्हा आहे. आणि आपल्या अंगठ्यावर उचललेली गोणी दुसऱ्याला दिली तर कागदावर दोषी आपणच ठरतो.

दुसरा बिघाड जाळीचा. काजळीची जाळी लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत स्वतःच्या उष्णतेने आपोआप साफ होते. आपला उसाचा ट्रक मात्र पंधरा-वीस किलोमीटर जातो आणि कारखान्याच्या यार्डात वजनकाट्याच्या रांगेत तासन् तास चालू अवस्थेत सरकत राहतो. इंजिन पुरते तापत नाही, जाळी चोंदते, दिवा लागतो, ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करतो आणि चौथ्या दिवशी गाडी रांगतेय अशी तक्रार येते. उपाय दोन. रांगेत इंजिन बंद करा. आणि दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जाळी साफ करण्याची फेरी पूर्ण होऊ द्या, पण वाळलेल्या पाचटाजवळ नको, कारण त्या वेळी सायलेन्सर फार तापतो. कारखान्यांनी नंबर पद्धत नीट राबवली तर ही रांगच कमी होईल. तेवढी मागणी सभासद म्हणून वार्षिक सभेत आपण करू शकतो.

फिटरच्या हातून लॅपटॉपच्या हाती

खरा प्रश्न मात्र याच्या पुढे आहे. गावच्या फिटरचे ज्ञान कमी नाही, पण त्याच्या हाती संगणक वाचणारे यंत्र नाही. ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी. गाडी तिथवर ओढून न्यायची, हंगामात नंबर लावायचा आणि मग ते सांगतील तो भाग बदलायचा. गेल्या हंगामात आमच्या माहितीतल्या एका वाहतूकदाराला "दाबाचा पंप गेला" असे सांगून मोठा आकडा काढून दिला होता. त्याने आधी गावच्या फिटरला दाखवले. पंप साबूत होता, फिल्टरमध्ये पाणी होते.

यात एक बारकावा समजून घ्यावा. यंत्र जो कोड दाखवते तो रोगाचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. "नळीत दाब कमी" असा कोड आला तर दोष पंपाचा असेल, नोजल गळत असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा गोठ्याशेजारी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली असेल. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड, हे डॉक्टरलाच ठरवावे लागते. म्हणून यंत्र आणि अनुभवी हात, दोन्ही लागतात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. त्यात मोटारी आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि तालुक्याच्या फिटरला दुरुस्ती-पुस्तिका, सुटे भाग आणि यंत्र रास्त दरात मिळणे वेगळे. हक्क कागदावर राहिला तर ट्रक रस्त्यावरच राहणार.

आपण काय करावे?

सरकारची वाट बघत बसण्यापेक्षा गावात करण्यासारखे पुष्कळ आहे. एका वाहतूकदाराला यंत्र परवडत नाही, दहा-पंधरा जणांना मिळून परवडते. ज्या जिल्ह्याने ऊस, दूध आणि पतपुरवठा सहकारात उभा केला, त्याला एक यंत्र सामाईक घेणे जड नाही. २०२३ च्या आदर्श उपविधीनुसार विकास सोसायट्यांना पेट्रोल-डिझेल पंप चालवण्यासारखी कामेही करता येतात. तिथे दर्जा आपल्याच नजरेखाली राहील, अर्थात संचालक मंडळावर नजर ठेवली तर. तालुक्याच्या आयटीआयने गावच्या फिटरांसाठी हंगामाआधी आठ दिवसांचा नव्या इंजिनांचा वर्ग घ्यावा. कारखान्यांनी वाहतूक करार करतानाच गाडीची तपासणी करावी. ग्रामपंचायतींनी टँकर आणि घंटागाडीसाठी साधी वही ठेवावी : कुठे डिझेल भरले, कधी फिल्टर बदलला, काय तक्रार होती. पुढच्या बिलावर सही करताना ही वहीच साक्ष देईल.

बैल लंगडला तर आपण आधी खूर बघतो, दगड रुतला आहे का पाहतो, एकदम बाजार दाखवत नाही. इंजिनालाही तोच न्याय लावा. झाकण, फिल्टर, पाइप, डिझेल, युरियाचे पाणी, दिवा आणि मग नोजल, पंप. हा क्रम ड्रायव्हरच्या केबिनमध्ये लिहून लावा. उद्या पहाटे पुन्हा फडात कोयता चालणार आहे. भरलेली गाडी चढावर थांबली, तर निदान कशामुळे थांबली हे तरी आपल्याला माहीत असू द्या.